भट्टीवाली

लग्नसराई सुरू झाली की मी रस्त्याकडची खिडकी लावून घेते. मोहन नगरात आमच्या घरासमोरून लग्नाच्या लॉनकडे रस्ता जातो, त्यामुळे दुर्ग शहरातली निम्मी लग्नं माझ्या दारावरूनच वाजत जातात. आधी जनरेटरची गाडी, मग डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बाया, मग घामाने चिंब झालेले लाल कोटवाले आणि मग ती चाल. सिनेमातली गाणी वाजवून बँडवाले थकले, नाचणारे ढेपाळले, की वरातीतून कुणीतरी ओरडतोच, "भट्टीवाली बजाओ!" आणि मेलेल्यात जीव यावा तशी माणसं उड्या मारू लागतात. मला त्या चालीची शिसारी आहे. म्हातारीची कटकट म्हणून म्हणत नाही. शिळ्या मटणाचा वास नाकात गेल्यावर पोटात जे होतं, ते मला त्या चालीनं होतं.

खिडकी लावून सुटका होत नाही ती गोष्ट वेगळी. ज्या शाळेत मी आयुष्यभर शिकवलं तिथे सव्वीस जानेवारीला पोरं ह्याच चालीवर मैदानाला चक्कर मारायची आणि मी दरवर्षी डोकं दुखतंय म्हणून स्टाफरूममध्ये बसायची. आमच्या भाजीवाल्याच्या मोबाइलात तीच घंटी आहे. मध्यंतरी एक तरुण वही-पेन घेऊन घरी आला. भिलाईच्या जुन्या धुनांवर काहीतरी लिहीत होता. "मॅडम, भट्टीवाली रशियन लोकांनी आणली म्हणतात, खरं का?" त्याच्याजवळ आणखीही एक कथा होती, की एका फिटरला घणाच्या ठोक्यांवर ती स्वप्नात सुचली. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, मला काही माहीत नाही म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. त्याला जे सांगितलं नाही ते आता इथे लिहून टाकते.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता म्हणून आम्ही भिलाईला आलो तेव्हा भिलाई अशी काही नव्हतीच. होता तो मुरूम, टिनाच्या शेडींच्या रांगा आणि आवाज. जमिनीत खांब ठोकणारं यंत्र दिवसभर धाड धाड करायचं आणि प्रत्येक ठोक्याला मायेची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी फळीवर एक एक सूत पुढे सरकायची. संध्याकाळी ती भांडी मागे ढकलून ठेवणं हे माझं काम. भोंगा झाला की माणसांचा लोंढा निघायचा, डोक्यापासून पायापर्यंत सगळे तांबड्या धुळीचे, पंजाबी कोण आणि तेलुगू कोण ते तोंड धुतल्यावरच कळायचं. आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्या रांगेत बहुतेक आमच्याकडचीच घरं होती, सगळी नुकतीच दीक्षा घेतलेली. पाट्यावर लाल मिरचीचा ठेचा आणि लाखोळीच्या डाळीचं वरण हा त्या रांगेचा वास. सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा आणि भाजलेलं सुकट. बासी खायला मायेला छत्तीसगढी शेजारणीनं शिकवलं. उन्हात काम करणाऱ्याला ती फार मानवते.

बाबांचं नाव उरकुडा रंगारी. आधीची मुलं वाचली नाहीत म्हणून आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं आणि ते नाव दिलं होतं. जन्मभर ते नाव त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, कारण पलटणीत रोज हजेरीला ते मोठ्यानं पुकारलं जायचं. बाबा लढाईच्या काळात पलटणीच्या बँडमध्ये होते. कारखान्यात ते रिगर होते, जड सामान दोरांनी वर चढवणारे. पण घरात खिळ्याला टांगलेला पितळेचा हॉर्न होता, वेटोळ्याचा, तीन खुंट्यांचा, एका बाजूला चेपलेला. पलटणीनं मोडीत काढला तेव्हा त्यांनी तो पलटण सोडताना मिळालेल्या पैशातून विकत घेतला होता. मायेला तो डोळ्यांपुढे नको असायचा. दीक्षेच्या वर्षी गावी तिनं घरातले देव नदीत सोडले आणि त्याच टोपल्यात आजोबांचं डफडं घालून तेही सोडलं. आमचे आजोबा पाटलाच्या दारी वाजवत. लग्न पाटलाचं, पोळा पाटलाचा, आणि आजोबा दारातल्या चिखलात उभे राहून वाजवायचे, मग पदरात पडेल ते शिळंपाकं घरी आणायचे. त्या चिखलातून पळूनच बाबा पलटणीत भरती झाले होते. "हा हॉर्न हाये, डफडं नाही," ते मायेला म्हणायचे. "हा मी वर्दीत वाजवला. कोणाच्या दारी नाही वाजवला." माय म्हणायची, "तोंडानंच फुकता ना? मंग?"

कारखान्याच्या भट्टीतून पहिलं लोखंड ओतलं गेलं तेव्हा मोठमोठी माणसं येऊन गेली. त्यानंतर कामगारांचा आपला असा एक कार्यक्रम शेडींसमोरच्या मैदानात ठरला. कुणीतरी म्हणालं, बँड पाहिजे. पलटणीच्या बँडमधला माणूस एकच, उरकुडा रंगारी. बाबांनी होकार दिला आणि मग घरी येऊन डोकं धरून बसले. कारण बँडमध्ये ते होते सेकंड हॉर्न. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सेकंड हॉर्नला चाल वाजवायची नसतेच. ढोलाच्या ठोक्यामागून "पं" म्हणायचं, पुन्हा ठोका, पुन्हा "पं". वर्षानुवर्षं बाबांनी फक्त पं-पं केलं होतं. आता चाल द्यायची कोणती आणि कुठून? आठवडाभर ते जेवताना, आंघोळीला बसताना, सायकलच्या चेनला तेल देताना गुणगुणत राहिले. शेवटी पलटणीत पावलांच्या ठेक्यावर वाजवायचा एक मार्च त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवला. सगळ्यात जास्त वेळा वाजवलेला तोच होता. चर्चमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक केरळी, गुरुद्वारातला एक ढोलकवाला, गावच्या देवळात सनई वाजवलेले दोन तेलुगू, असे सहा-सात जण गोळा करून बाबांनी त्यांना तोंडानं गाऊन गाऊन ती चाल शिकवली. कागद नाही, काही नाही. तिसऱ्या ओळीत एक वळण आहे, चाल वर चढते आणि पडता पडता सावरते. त्या जागी बाबा डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवशी मैदानात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या चार सुरांतच माणसं उभी राहिली. हजारो चपला, हजारो अनवाणी पाय मुरमावर एका ठेक्यात आपटत होते. गोरे रशियन साहेब टाळ्या पिटत पुन्हा पुन्हा म्हणून बोटं दाखवत होते. एका संध्याकाळात त्या चालीचं नाव भट्टीवाली पडलं आणि बाबांचं नाव मास्टर. कारखान्यातला त्यांचा फोरमनसुद्धा त्यांना मास्टर म्हणायला लागला. मला वाटलं, आमच्या घराची सगळी जुनी धूळ ह्या चालीनं झटकली. किती मूर्ख असतं माणूस तेराव्या वर्षी.

रविवारी बाबा हॉर्न घासायचे. मी चिंच कोळायची, ते चिंचेनं आणि राखेनं पितळ चकचकीत करायचे. असंच एकदा मी विचारलं, "बाबा, पलटणीत ह्या चालीचं नाव काय होतं?" ते म्हणाले, "इंग्रजी काहीतरी होतं. आमी परतीची म्हणत होतो." मग सांगत गेले. लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जायची आणि बँडवाल्यांच्या हातात डोल्या यायच्या. जखमी उचलायचे, मेलेले उचलायचे. संध्याकाळी ज्यांना पुरायचं त्यांना पुरायला न्यायचे. जाताना बँड सावकाश, ढोलावर काळं कापड. माती लोटून झाली, माणसं फाटकाबाहेर आली, की ढोलावरचं कापड काढायचं आणि बँडमास्टर सांगायचा तो सगळ्यात खुशीचा मार्च वाजवायचा. पलटणीचा तसा नियमच होता. मागं वळून पाहू नये, भूक लागावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदूक उचलता यावी म्हणून. "म्हणून तोच पाठ झाला ना बाई," बाबा म्हणाले. "दर रोजचाच होता."

बँडमध्ये चाल वाजवायचा तो मोतीराम, बाबांच्या बाजूच्या गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. मोतीरामला पुरून परत येताना बँडमास्टरनं हात वर केला, सगळ्यांनी सुरुवात केली, आणि चाल वाजवायला कुणी नव्हतंच. दुसरा चालवाला दवाखान्यात होता. फाटकापासून तळापर्यंत नुसता ढोल आणि पं-पं, पं-पं. "आमी सगळे मनात चाल म्हणून राहिलो होतो," बाबा म्हणाले. "मी तवापासून मनातच म्हणत होतो. मैदानात वाजली ते त्याची हाये, माही नाही. कोणाले सांगू नोको. लोकं खुश होते, तं होऊ दे." मी नाही सांगणार म्हणाले. चिंचेचा हात फ्रॉकला पुसून त्यांच्या गळ्याची शपथसुद्धा घेतली.

ह्यानंतरचं लिहायला मला आजही किळस येते, पण आता सुरुवात केली आहे.

दुर्गच्या रस्त्याला एका ठेकेदाराचा मोठा बंगला होता. त्याला सगळे शेठ म्हणत. त्याची धाकटी मुलगी विमला माझ्या वर्गात होती. मोठीचं लग्न ठरलं तेव्हा शेठ जीपमधून आमच्या क्वार्टरसमोर उतरला. तोवर आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्यानं बाबांच्या हातात पत्रिका दिली. वर छापील अक्षरांत नव्हे पण शाईनं, वळणदार हातानं लिहिलं होतं, श्री उरकुडा रंगारी, सपरिवार. "मास्टर, वर्दी पहन के आना," शेठ म्हणाला. "बरात का स्वागत है, वो भट्टीवाली बस एक बार बजा देना. फिर आप हमारे मेहमान." बाबांनी ती पत्रिका फळीवर उभी करून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

आमच्या रांगेतल्या लोकांनी दीक्षेनंतर काही गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, शिळं मागायचं नाही, परक्याच्या दारी वाजवायचं नाही. रविवारी वंदनेला टिनाच्या विहारात सगळे जमत. ज्यानं ह्यातलं काही मोडलं त्यानं तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, असा रिवाज होता. म्हणून माय पत्रिकेकडे पाहत म्हणाली, "सपरिवार म्हणजे काय वो?"

"सगळ्या घरादारानं यायचं. पाहुणे म्हणून."

"मंग पाहुणा हॉर्न घेऊन कावून चालला?"

"एक खेप वाजवीन, मंग पंगतीत बसीन. शेठनं स्वतः सांगतलं."

"पंगतीत बसवते का नाही ते पाहून घेजा. मी नाही येत."

बाबांनी जुन्या वर्दीच्या कोटाची बटणं घासली, मी विमलाकडे जायचं म्हणून नवा फ्रॉक घातला आणि आम्ही सायकलनं निघालो. पत्रिका त्यांच्या वरच्या खिशात होती. चढावर ते सायकल हातात धरून चालायला लागले आणि मला म्हणाले, "पंगतीत माह्या बाजूले बस. हावरटावानी खाऊ नोको." आमच्या घरात कुणीही अशा पंगतीत कधी बसलं नव्हतं. बाबांना बसायचं होतं. तेवढंच त्यांना त्या लग्नातून पाहिजे होतं, बाकी काही नाही.

दुपारचे चार वाजले असतील. फाटकाशी शेठचा भाऊ उभा होता. त्यानं बाबांच्या खिशातून डोकावणारी पत्रिका पाहिली नाही, हातातला हॉर्न पाहिला. "बैंडवाले उधर." उधर म्हणजे जवळच्या सुपेला वस्तीतून भाड्यानं आणलेला बँड उभा होता तिथे. बाबा काहीतरी सांगायला लागले, तोवर तो दुसरीकडे वळला होता. बाबांनी माझ्याकडे पाहून "तू जाय आत" अशी खूण केली आणि त्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी आत गेले आणि बायकांच्या बाजूच्या ओट्यावरून पाहत राहिले.

एक बार कसलं, दहा बार झालं. वरात रायपूरहून आलेली, दुपारपासूनच प्यालेली. फाटकापुढे घोडा नाचवत भट्टीवाली, भट्टीवाली म्हणून नुसता कल्ला. नवऱ्याचा मामा, तोंडात पान, हातात नोट. वरातीतला नेहमीचा खेळ असतो तो. नोट नवऱ्यावरून ओवाळायची, बँडवाल्याच्या तोंडासमोर धरायची आणि त्यानं ती दातांनी उचलायची. सुपेल्याची माणसं सरावलेली, त्यांनी पटापट उचलल्या. मग मामा बाबांसमोर आला. बाबांनी दम खायला हॉर्न ओठांवरून काढला होता. मामानं ती नोट आधी स्वतःच्या लाल ओठांत धरून ओली केली, नवऱ्यावरून ओवाळली आणि बाबांच्या ओठांशी नेली. मला वाटलं, आता बाबा हॉर्न खाली ठेवतील. मला वाटलं, पत्रिका काढून दाखवतील. बाबांनी दात उघडले आणि नोट घेतली. हनुवटीवर पानाचा लाल ओघळ आला. लोक हसले, आणि बाबाही हसले. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण मला लगेच ओळखू आलं. ते हसू पाटलाच्या दारातल्या चिखलातलं होतं. मग त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा वाजवायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीतलं ते वळण नेहमीइतकंच सुरेख घेतलं.

शेजारी विमलाची आजी बाजेवर बसली होती. माझ्या हातात लाडवाची बशी होती. आजी मान डोलावत म्हणाली, "कितनी शुभ धुन है. मेरी पोती भागवाली है." विमला भाबडेपणानं म्हणाली, "दादी, इसके पिताजी ही तो बजा रहे हैं." आजीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बशीकडे पाहिलं, आपलं लुगडं गोळा करून घेतलं आणि कामवालीला म्हणाली, "वो तश्तरी अलग रख देना."

मी बशी ओट्यावर ठेवली. मग मोठ्यानं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादी, ये शुभ धुन नहीं है. फौज में मुर्दे गाड़ के लौटते हैं, तब बजाते हैं. मेरे बाबा ने खुद बताया."

बोलताना जे वाटलं ते खोटं कशाला सांगू, फार छान वाटलं. आजीचा चेहरा राखेसारखा झाला. बायका "हाय राम" करत उठल्या, कुणी नवरीला आत ओढलं, कुणीतरी पळत शेठकडे गेली. बँड थांबला. बाबांना ओट्यासमोर आणलं. शेठनं विचारलं, "मास्टर, ये लड़की क्या बोल रही है? सच है?"

बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. माझी खात्री होती की आता ते खरं सांगतील, मोतीरामचं नाव घेतील आणि आम्ही दोघं त्या फाटकातून ताठ मानेनं बाहेर पडू. बाबा म्हणाले, "नहीं सेठजी. बच्ची है, झूठ बोल रही है. ये तो जीत की धुन है."

"तो माँजी के सामने एक बार और बजाओ."

बाबांनी हॉर्न ओठांना लावला आणि त्या म्हातारीसमोर, माझ्याकडे न पाहता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. बायकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणालं, खोटारडी कुठली. विमला तोंड फिरवून उभी राहिली. पंगत मांडवात बसली आणि बँड बसला बंगल्यामागे, उष्ट्या पत्रावळी फेकत होते तिथे, कुत्री हाकलत. बाबांनीही तिथेच बसून पुरी खाल्ली. वाढणारा हात उंच धरून कढी सोडत होता आणि ती पत्रावळीबाहेर बाबांच्या घासलेल्या बटणांवर उडत होती. मी काही खाल्लं नाही. येताना कॅरिअरवर बसले, पण नेहमीसारखा त्यांचा कोट धरला नाही. सीटखालची स्प्रिंग धरून बसले, बोटं चिमटत होती तरी.

दारातच मायेनं विचारलं, "जेवले का पंगतीत?"

"जेवलो," बाबा म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. नोट, पान, तश्तरी, कढी, आणि मला खोटारडी म्हटलेलं. मायेनं आरडाओरडा केला नाही. बाबांच्या खिशातून पत्रिका काढली आणि सिगडीत घातली. बाबा कोट न काढताच भिंतीला टेकून बसले होते.

त्या बंगल्यावर पाणी भरायला आमच्याच रांगेतला एक जण होता, त्यामुळे रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. विहारात वंदना झाली. वंदना सांगणारे गुरुजी संध्याकाळी आम्हा पोरांना गणितही शिकवायचे, साधा मायाळू माणूस. ते खाली मान घालून म्हणाले, "उरकुडाभाऊ, तुमाले काही सांगाचं हाये का?" बाबा उभे राहिले, वर्दीत उभं राहावं तसे.

"वाजवलं, ते चूक झाली," ते म्हणाले. "पण माफी मागतो ते त्याची नाही. माह्या पोरीनं खरं सांगतलं होतं. ते चाल मेलेल्याईची हाये. माह्या दोस्ताची हाये. मोतीराम. त्याले मी या हातानं उचललं. आणि पंगतीतली जागा जाईन म्हणून मी दोनशे लोकांसमोर पोरीले खोटी पाडलं. जागा तं भेटलीच नाही." ते माझ्याकडे वळले. "सुमन, बाई, मले माफ कर."

बापानं लेकीची माफी सगळ्यांसमोर मागावी असं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. गुरुजी म्हणाले, "पोरी, बोल. तुहं काय म्हणणं हाये?"

मी चार दिवस मनात शब्द घासत होते. मला माहीत होतं, आजोबांना पाटलाच्या दारातून कोणत्या शब्दानं हाक मारत. त्या शब्दापासून पळण्यासाठी एक पोरगा अनवाणी भंडाऱ्यापर्यंत चालत गेला आणि भरती झाला, तेही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तो निवडला.

"वाजंत्र्याची माफी मले नोको," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली, जणू हजेरीत त्यांचं नाव पुकारलं होतं, आणि ते खाली बसले. आज मी विहारात उभ्या असलेल्या त्या पोरीकडे, म्हणजे माझ्याचकडे, पाहते तेव्हा मला पानाच्या ओघळाची, म्हातारीच्या लुगड्याची, उंचावरून सोडलेल्या कढीची किळस येते ती थोडी असते. खरी किळस त्या पोरीची येते. त्या मामानं नोट तोंडाशी धरली तेव्हा तो निदान प्यालेला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हॉर्न खिळ्यावरून काढला आणि फडक्यात गुंडाळला. माय दारात आडवी आली. जिनं डफडं नदीत सोडलं तीच म्हणत होती, "राहू द्या. लटकून राहू द्या. मी काही म्हणत नाही." बाबा म्हणाले, "पोरीनं सांगतलं ना कोणाचं काम हाये ते. ज्याचं काम, त्याच्या घरी जाऊ दे." त्यांनी तो सुपेल्याच्या त्या बँडवाल्याला देऊन टाकला. नुसता दिला नाही. महिनाभर ड्यूटीवरून सुटले की ते सायकल घेऊन सुपेल्याला जायचे आणि त्या लोकांना सगळा मार्च शिकवायचे, ढोलाचं, पं-पंचं आणि मोतीरामचंही. त्या बँडकडून दुर्गच्या बँडनं उचलली, तिथून राजनांदगावनं, रायपूरनं, आणि मग ती पसरतच गेली. रशियन लोकांनी काही आणली नाही. मी तो शब्द बोलले नसते तर ती चाल आमच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली राहिली असती आणि बाबांसोबत संपली असती.

त्या काळात मी बाबांशी बोलत नव्हते. ताट वाढून समोर सरकवायची आणि उठून जायची. महिना उलटल्यावर एका संध्याकाळी माय अंगणात लाखोळी निवडत होती, बाबा बाजेवर बसले होते आणि मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन. भिलाई-३ वस्तीकडून कुणाची तरी वरात आमच्या रस्त्यानं येत होती. वळणावर आली आणि सुपेल्याच्या बँडनं ती चाल सुरू केली. बाबांचाच हॉर्न, मला त्याचा चेपलेला आवाज कुठेही ओळखू आला असता. ढोलामागून पं, ढोलामागून पं. शेजारपाजारची पोरं धावली, बाया दाराशी आल्या, पलीकडचा म्हातारा काठी आपटायला लागला. मायेचे हात सुपात थांबले. मी पुस्तकातून डोकं वर काढायचं नाही म्हणून दात आवळून बसले होते.

"डावा, बाई," बाबा म्हणाले.

महिन्याभरात मी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, माझ्या पायाकडे बघत होते. माझा उजवा पाय उंबऱ्यावर ठेका धरत होता, किती वेळापासून कोण जाणे.

"डाव्या पायानं सुरू होते मार्च," ते हळूच म्हणाले. "उजव्यानं धरला तं पुढं चुकशीन."

मी पाय ओढून फ्रॉकखाली घेतला.